डोक्यावर बसा, पण स्वतःच्या पायावर!

जुन्या गिरणीच्या छतावर आर्ट गॅलरी… ऐकायला एकदम कूल! पण ती डिझाइन करायला बसलं, की आर्किटेक्टची चांगलीच परीक्षा होते. नगरच्या एका प्रोजेक्टची ही आतली गोष्ट.

रविवारची सकाळ. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये मी निवांत पोह्यांवर लिंबू पिळत होते आणि मोबाइल वाजला. नगरहून शाळेतला मित्र.

"एक वेडी आयडिया सांगू? आपल्या गिरणीच्या छतावर आर्ट गॅलरी करायची. डिझाइन तू करायचंस!"

'आपली' गिरणी! शब्द एकच, पण अर्थ दोन. त्याचे आजोबा त्या जिनिंग-प्रेसिंगचे मालक. माझे आजोबा, म्हणजे आबा, तिथे फिटर. मालकांच्या नातवाला आम्ही वर्गात 'छोटे शेठ' म्हणायचो, आणि तोही न चिडता ओ द्यायचा. गिरणी बंद पडली ती आमच्या जन्माच्याही आधी. आम्हाला आठवतं ते फक्त धुराडं, कुलूप आणि आत वाढलेली बाभळ.

सात वर्षं पुण्यातल्या एका ऑफिसात मी दुसऱ्यांच्या लॉब्या आणि मॉड्युलर किचन्स काढत होते. स्वतःच्या नावावर एकही इमारत नाही. त्यामुळे हो म्हणायला मला अर्धा मिनिटसुद्धा लागला नाही.

काचेच्या डब्याचं प्रेम

आधी जागेची ओळख करून घ्या. दौंड-मनमाड रेल्वे १८७८ मध्ये सुरू झाली, नगरला स्टेशन मिळालं आणि कापसाचा व्यापार रुळावर आला. आमची गिरणी त्यानंतरच्या काळातली. एक लांबलचक कौलारू शेड, तिथे कापसातून सरकी वेगळी व्हायची. शेजारी उंच प्रेसहाउस, तिथे रुईच्या गाठी बांधल्या जायच्या. प्रेसहाउसचं छत सपाट. लोखंडी गर्डर, दोन गर्डरांच्या मधे विटांच्या बुटक्या कमानी आणि वर चुन्याचा कोबा. आर्किटेक्टच्या भाषेत 'जॅक आर्च'. भिंती काळ्या दगडाच्या, चुन्यात बांधलेल्या. वर उभं राहिलं की एकीकडे धुराडं, दुसरीकडे सगळं शहर.

असं छत बघून कोण वेडं होणार नाही? आठवड्याभरात माझं ड्रॉइंग तयार. ३२०० चौरस फुटांचा चकाचक काचेचा डबा, एका टोकाला कॅफे. डोळ्यांसमोर अर्थातच जगातले हीरो होते. लंडनचं बँकसाइड वीजघर २००० मध्ये टेट मॉडर्न झालं, तेव्हा हर्झोग आणि द मेरॉन या स्विस जोडीने त्याच्या छतावर दोन मजली काचेची पेटी बसवली. रात्री ती विटांच्या राक्षसी इमारतीवर कंदिलासारखी दिसते. आणि इटलीतल्या तुरिनचा लिंगोत्तो तर आमच्या कॉलेजचा लाडका. फियाटचा १९२३ मध्ये पूर्ण झालेला मोटार कारखाना, ज्याच्या चक्क छतावर गाड्यांची टेस्ट घ्यायचा ट्रॅक आहे. ('द इटालियन जॉब' या १९६९ च्या सिनेमात त्यावरून मिनी कूपर पळतात, आठवतंय?) १९८२ मध्ये कारखाना बंद झाला आणि २००२ मध्ये रेन्झो पियानोने त्याच छतावर पोलादाची एक गॅलरी उभी केली. आत मातीस, कानालेत्तो अशी मोजकीच पण कसली भारी चित्रं!

मी म्हटलं, तुरिनला जमतं तर नगरला का नाही?

सव्वादोन गाठी

ड्रॉइंग घेऊन मी आधी घरी गेले. आबा आता ८६ वर्षांचे. कानाला मशीन, पण नजर तीच फिटरची. त्यांनी कागद मांडीवर घेतला, उलटा-सुलटा केला आणि पहिला प्रश्न टाकला.

"ह्याचं वजन कितीक व्हतंय, पोरी?"

मी कॉलेजमध्ये पाठ केलेलं सांगितलं. आपल्या भारतीय मानकाप्रमाणे लोकांनी वापरायच्या गच्चीला एका चौरस मीटरला साधारण १५० किलो भार धरतात. तीच जागा गॅलरी झाली, की ४०० किलो. कारण चित्रं हलकी असली तरी उद्घाटनाची गर्दी, दगडी शिल्पं, तात्पुरत्या भिंती, सगळं आलं. शिवाय बांधकामाचं स्वतःचं वजन वेगळंच.

आबांनी बोटांवर हिशेब केला. रुईची एक गाठ १७० किलो.

"म्हंजी सव्वादोन गाठी. दर मीटरला." त्यांनी चष्मा काढला. "आगं, त्या छतावर आम्ही कधी अर्धी गाठसुदिक ठिवली न्हाय. गळती काढाया दोन गडी चढायचे, तेबी गर्डरवर पाय ठिवून."

पुढे म्हणाले, "आन् पूर्वेची भिंत बघितली का? फुगलीया. प्रेसचा हादरा बसायचा तिला रोज."

मी बघितली नव्हती. खरं सांगू? मी छताचे दीडशे फोटो काढले होते आणि भिंतीचा एकही नाही.

दुसऱ्या दिवशी ओळंबा लावला. भिंत मधोमध तीन बोटं बाहेर आली होती.

आधी अरणगावला जा!

आमचे स्ट्रक्चरल इंजिनीअर सर कमी बोलतात. त्यांनी माझा काचेचा डबा पाहिला आणि म्हणाले, "लंडन, तुरिन ठीक आहे. पण नगरमध्ये राहून तू मेहेराबादची टाकी पाहिली नाहीस?"

दौंड रोडला, अरणगावजवळ, मेहेरबाबांची समाधी असलेल्या टेकडीवर ही टाकी आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश लष्कराच्या छावणीसाठी बांधलेली पाण्याची टाकी. लष्कर गेलं, टाकी रिकामी झाली. मग तिला दारं-खिडक्या मिळाल्या, आत खोल्या झाल्या आणि १९३८ च्या सुमारास तिच्या डोक्यावर चक्क आणखी एक मजला चढला. त्याच वर्षी हेलन डाम ही स्विस चित्रकार इथे होती, शेजारच्या समाधीच्या आतल्या भिंतींवर तिने चित्रं रंगवली. म्हणजे बघा, कामाची जुनी इमारत, वर नवा मजला आणि शेजारी कला. टेट मॉडर्नच्या साठेक वर्षं आधी, माझ्या घरापासून बाइकवर अर्ध्या तासाच्या आत!

मी आबांना रिक्षात घालून तिथे घेऊन गेले. टेकडीवर वारा मस्त होता. आबा टाकीच्या भिंतीवर तळवा ठेवून उभे राहिले.

"ही पाण्यासाठी बांधलेली हाय," ते म्हणाले. "हिला वजन म्हाईत हाय."

बास, मला माझा धडा मिळाला! एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन. ते खाली दाबतं आणि बाजूलाही रेटतं. टाकीच्या भिंती जन्मापासून त्या रेट्यासाठी जाडजूड. पाणी गेल्यावर त्यांच्यावर मजला चढवणं म्हणजे पैलवानाच्या खांद्यावर पोर बसवण्यासारखं. आमच्या प्रेसहाउसचं गणित बरोबर उलटं. त्याच्या भिंतींनी आयुष्यभर हादरे सोसले आणि छताने फक्त ऊन-पाऊस. दोन्ही इमारती जुन्या, दोन्ही दगडी, दोन्ही कामाच्या. पण एकीच्या डोक्यावर बसता येतं, दुसरीच्या नाही.

आणि मग लिंगोत्तोचे फोटो मी पुन्हा नीट पाहिले. पियानोने आपली पेटी छतावर नुसती टेकवलेलीच नाही. ती खांबांवर, छतापासून वर उचलून धरलीय. कॉलेजमध्ये आम्ही त्यात फक्त स्टाइल पाहिली होती. आता कळलं, त्यात अदबसुद्धा आहे.

तिथं खड्डा हाय!

नवा फंडा असा ठरला. गॅलरीने जुन्या भिंतींवर एक किलोसुद्धा टाकायचं नाही. पोलादाचे सहा खांब, प्रेसहाउसच्या आतून सरळ खाली जमिनीत, स्वतःचा पाया घेऊन. गॅलरीची जमीन जुन्या छतापासून दोन फूट वर. त्या फटीतून पावसाचं पाणी वाहील, वायरी जातील आणि उद्या कोणाला गॅलरी नको झाली, तर नटबोल्ट खोलून ती उतरवताही येईल.

सहा खांबांचा नकाशा घेऊन मी पुन्हा आबांसमोर. त्यांचं बोट चौथ्या खांबावर थांबलं.

"तिथं खांब रोवणार? तिथं खड्डा हाय."

कसला खड्डा? तर इंजिनाच्या फ्लायव्हीलचा! चाक एवढं मोठं, की अर्धं जमिनीखाली फिरायचं. इंजिन भंगारात गेलं, तेव्हा खड्डा राख आणि विटांच्या तुकड्यांनी भरून वर फरशी घातली. जुन्या नकाशात त्याचा पत्ता नव्हता. मालकांच्या कागदांत नव्हता. माझ्या लेसर मोजणीत तर नव्हताच. तो फक्त आबांच्या डोक्यात होता.

आम्ही तिथे खणून पाहिलं. पुरुषभर खोल राख निघाली. इंजिनीअर सरांनी मूठभर उचलली, बोटांतून सांडू दिली आणि माझ्याकडे बघितलं. काही बोलले नाहीत. बोलायची गरजच नव्हती. त्या राखेवर खांब उभा राहिला असता, तर एखाद्या चांगल्या पावसाळ्यात तो खचला असता. आणि तोवर वर माणसं असती.

खांब सरकले, तेव्हा कमानींचा प्रश्न आला. जॅक आर्चच्या कमानी एकमेकींना रेटून उभ्या असतात, गर्दीच्या लोकलमधल्या माणसांसारख्या! खांबासाठी एक तोडली, की शेजारची सैल होऊन सरकते. म्हणून आधी गर्डर एकमेकांना लोखंडी सळ्यांनी बांधायचे, खालून टेकू द्यायचा, मगच भोक पाडायचं. फुगलेल्या भिंतीत चुन्याचा पातळ कालवा सोडायचा, स्टेनलेस स्टीलच्या सळ्यांनी तिचे आतले-बाहेरचे दगड एकमेकांना शिवायचे. सिमेंट नाही, बरं का! चुन्याची भिंत ओल बाहेर सोडते. तिला सिमेंटचा थर दिला, की ओल आत अडकते आणि भिंत आतून सडते. आमच्या मिस्त्रींनी चुना भिजत घातला, तेव्हा साइटवरची पोरं मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढत होती.

निम्मं, नाहीतर काहीच नाही

एवढं सगळं करायचं म्हणजे खर्च वाढणार. खर्च आटोक्यात ठेवायचा तर आकार कमी. ३२०० फुटांची गॅलरी १४०० वर आली. कॅफे गेला.

छोटे शेठ भडकले. "कॅफेशिवाय गॅलरी चालते का नगरमध्ये? दुसऱ्या एकाने सांगितलंय, आहे त्या छतावर पत्रा आणि काच मारून चार महिन्यांत देतो म्हणून!"

त्याचंही अगदीच चूक नव्हतं. पैसे त्याचे होते. मुंबईत १९८२ च्या संपानंतर गिरण्यांच्या जागी काय-काय उभं राहिलं, ते आपण सगळे जाणतो. फिनिक्स मिलमध्ये मॉल आला, धुराडं तेवढं शोभेला राहिलं. लोक त्याच्यासमोर फोटो काढतात आणि धंदा जोरात चालतो. मग त्याने एकट्यानेच शहाणपणा का करावा?

मी त्याला खड्ड्यापाशी नेलं. म्हटलं, "निम्मं करू, नाहीतर काहीच नको. मोठं करायचं असेल तर दुसरा आर्किटेक्ट बघ. माझी सही त्या कागदावर नसेल."

बोलताना मोठी टेचात बोलले. पण रात्री झोप लागेना. पहिलाच प्रोजेक्ट, तोही बालमित्राचा, आणि मीच नाही म्हणून आले! पंधरा दिवस त्याचा फोन नाही. सोळाव्या दिवशी मेसेज आला. दोनच शब्द, "निम्मं. चालेल."

नंतर कळलं, मधल्या काळात तो एकटाच आबांना भेटून आला होता. काय बोलणं झालं, ते दोघंही सांगत नाहीत.

ऊन, धूळ आणि आग

काचेचा डबा तर केव्हाच गेला. नगरचा मे महिना माहितीय ना? चाळिशीपार पारा आणि सगळीकडून काच, म्हणजे गॅलरी नाही, भट्टी! पश्चिम आणि दक्षिण बाजू पूर्ण बंद केली. प्रकाश घेतला उत्तरेकडून, करवतीच्या दात्यांसारख्या छतातून. जुन्या कापडगिरण्यांत असं छत असायचं, कारण उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो, थेट ऊन आत येत नाही. जे कापडाला सोयीचं, तेच चित्रालाही. जलरंग आणि कागदावरच्या कामाला ५० लक्सपेक्षा जास्त उजेड चालत नाही, रंग उडतात. तैलरंगाला २०० च्या आसपास चालतो. म्हणून दात्यांच्या आत पडदे बसवलेत, कमी-जास्त करता येणारे.

आणि आग. नगरचे चित्रकार-शिल्पकार प्रमोद कांबळे यांच्या स्टुडिओला २०१८ मध्ये आग लागली आणि वर्षानुवर्षांचं काम जळालं. हे शहर ते विसरलेलं नाही. त्यामुळे आमच्याकडे दोन स्वतंत्र जिने, न पेटणारं इन्सुलेशन आणि पोलादाला अग्निरोधक लेप. या तीन गोष्टींत एक रुपयाही कापायचा नाही, हे पहिल्याच मीटिंगमध्ये ठरलं. लिफ्ट मी आधी 'पुढच्या टप्प्यात' ढकलली होती. आबांनी नकाशावर बोट फिरवून विचारलं, "आन् म्या वर कसं जायाचं?" लिफ्ट लगेच पहिल्या टप्प्यात आली.

मनात गच्ची आहे? मग हे वाचाच!

तुमच्याही गावात अशी एखादी बंद गिरणी, गोदाम किंवा कारखाना असेल, तर गच्चीच्या प्रेमात पडण्याआधी एवढं कराच.

• आधी पाया आणि भिंती बघा, व्ह्यू नंतर. पायाशी दोन-चार ठिकाणी खणून पाहा.
• तिथे काम केलेलं माणूस शोधा. मशिन कुठे होतं, काय बुजवलं, कुठे गळायचं, हे नकाशात सापडत नाही.
• शेजारी केंद्राच्या संरक्षित यादीतलं स्मारक आहे का? २०१० च्या दुरुस्तीनंतर १०० मीटरच्या आत नवं बांधकाम नाही आणि पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. नगरसारख्या निजामशाही शहरात हे आधी तपासा. लष्करी हद्द जवळ असेल, तर त्यांचेही नियम बघा.
• राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली २०२० पासून लागू आहे. एफएसआय, उंची, पार्किंग आणि जिने त्यातच मोजले जातात.
• चुन्याच्या बांधकामाला चुनाच वापरा.

गॅलरी कोणाची?

जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण घरी आम्ही अजून नगरच म्हणतो. गिरणीचं तसंच आहे. बोर्डावर काय लिहायचं, यावर अजून वाद चालू आहे. पण दोन गोष्टी नक्की झाल्यात. पहिली, आत यायचं ते मालकांच्या कमानीतून नाही, तर हजेरीच्या खिडकीशेजारच्या दारातून. कामगार जिथून यायचे, तिथून सगळे येतील. दुसरी, खालची कौलारू शेड जशी आहे तशीच ठेवून शाळांसाठी मोकळी सोडायची. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेला बसणाऱ्या पोरांनी आपली चित्रं कधी भिंतीवर लागलेली पाहिली आहेत का? मी तरी पाहिली नव्हती.

आज सांगाडा उभा आहे. काच यायचीय, रंग बाकी आहे. गेल्या आठवड्यात लिफ्टची ट्रायल झाली आणि पहिली फेरी आबांची. वर पोचल्यावर छोटे शेठनी स्वतः प्लास्टिकची खुर्ची आणली. आबा बसले. समोर धुराडं, त्यामागे शहर, कुठेतरी कुकरच्या शिट्ट्या. बराच वेळ कोणीच बोललं नाही.

मग आबा म्हणाले, "हितं लई येळा चढलो. पर बसलो न्हवतो कधी."

त्यांनी पायाने जमीन दोनदा ठोकून पाहिली. नवी, आमची.

"ह्यो खांब खाली कुठं उतरतोय?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. खड्ड्यापासून अकरा फुटांवर, मुरमात.

"मग बरंय," म्हणाले, आणि चहा मागवला.